पाठकोऱ्या कागदाची मागची बाजू : हिशेब लिहिणाऱ्यांसाठी गोपनीयता करार



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही. पण तो माझ्या वर्गातच सुरू झाला, म्हणून इथे लिहिते आहे.

गेल्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला मी चौथीच्या मुलांना घरून पाठकोरे कागद आणायला सांगितले होते. एका मुलीने चांगला जाड गठ्ठा आणला. तिची आई घरीच गावातल्या सहा-सात दुकानांचे हिशेब टॅलीत लिहिते, जीएसटीची रिटर्न भरून देते. त्यामुळे त्यांच्या घरी कागदांना तोटा नाही. मी गठ्ठा सगळ्यांना वाटून दिला. मागची बाजू पाहिली नाही. ही चूक माझी.

पाच-दहा मिनिटांत मागच्या रांगेतून आवाज आला, "ए, इथं तुझ्या पप्पांचं नाव आहे! 18,400 बाकी!"

तो कागद म्हणजे एका किराणा दुकानाच्या येणेबाकीच्या यादीचं पान होतं. नाव, मोबाईल नंबर, किती दिवसांची उधारी, रक्कम, सगळं छापलेलं. वर्गातल्या तीन मुलांच्या घरची नावं त्यात होती. मी लगेच सगळे कागद गोळा केले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्याच्या वडिलांचं नाव वाचलं गेलं तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. वडील रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "बाई, उधारी आहे ती मी फेडीन. पण पोराला ती वर्गात कळायला नको होती."

हिशेब लिहिणाऱ्या ताई रडतच मला भेटायला आल्या. "बाई, मी काही चोरलं नाही, कुणाला काही सांगितलंसुद्धा नाही. रद्दीतले कागद होते." त्यांचं खरं होतं. पण दुकानदारापर्यंत गोष्ट गेली होती आणि तो काम काढून घेतो म्हणत होता. शेवटी माझ्या ओळखीच्या एका वकील ताईंनी मार्ग सुचवला : दोघांनी बसून लेखी गोपनीयता करार करा. तो मराठीत लिहायला मी मदत केली. त्या निमित्ताने जे समजलं ते सोप्या भाषेत मांडते. आपल्यातल्या कित्येक पालकांच्या घरी हे काम चालतं, आपले माजी विद्यार्थी बारावी कॉमर्स करून हेच काम धरतात, आणि आपण स्वतः दरवर्षी आपला फॉर्म 16 कुणाच्या तरी हातात देतोच.

गोपनीयता करार म्हणजे काय?

कामासाठी मला तुमची जी माहिती मिळेल ती मी फक्त त्याच कामासाठी वापरीन, दुसऱ्याला देणार नाही आणि काम संपल्यावर परत करीन, असं लेखी वचन म्हणजे गोपनीयता करार. ऑफिसात याला एनडीए म्हणतात. मोठ्या कंपन्यांत तो पहिल्याच दिवशी सही करून घेतात. गावातल्या छोट्या हिशेबाच्या कामात मात्र सगळं तोंडी आणि विश्वासावर चालतं.

विश्वास हवाच. पण "विश्वास ठेवा" या दोन शब्दांत कागद रद्दीत टाकण्यापूर्वी फाडायचे की नाही, हे कुठे सांगितलेलं असतं? ताईंवर दुकानदाराचा पूर्ण विश्वास होता आणि त्यांनी तो मोडलाही नव्हता. काय सांभाळायचं आणि कसं सांभाळायचं हे दोघांत कधी बोललंच गेलं नव्हतं. करार करताना ते बोलणं होतं, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

सीएला कायद्याचं बंधन आहे, मग हिशेब लिहिणाऱ्याला?

चार्टर्ड अकाउंटंट कायदा 1949 च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, अशिलाच्या संमतीशिवाय किंवा कायद्याने भाग पाडल्याशिवाय त्याची माहिती इतरांना दिली तर ते सीएचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. त्याच्यावर त्याची संस्था कारवाई करू शकते.

घरी किंवा छोट्या गाळ्यात हिशेब लिहिणारी व्यक्ती बहुतेक वेळा सीए नसते. तिच्यावर अशी कोणतीही संस्था नाही. पूर्वी पेढीवरचा मुनीम एकाच शेठजींकडे आयुष्य काढायचा, त्यामुळे घरची गोष्ट घरात राहायची. आज एकच माणूस दहा दुकानांचं काम करतो, आणि त्यातली दोन दुकानं एकमेकांच्या समोरासमोर असतात. म्हणून इथे लेखी कराराची गरज सीएकडे असते त्यापेक्षा जास्त आहे.

माहिती फुटते कुठून?

आपल्याला वाटतं कुणीतरी हॅकर येईल. गावात तसं क्वचित होतं. ताईंशी बोलताना आम्ही एक यादी केली :

- रद्दी. चुकलेली प्रिंट, जुन्या याद्या, बँक स्टेटमेंटची पानं. त्यांत भेळ बांधली जाते किंवा ती मुलांच्या दप्तरात जातात.
- घरातला एकच मोबाईल. दुकानदार बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ते आपोआप गॅलरीत जमा होतात, आणि संध्याकाळी त्याच मोबाईलवर मुलं गेम खेळतात.
- चुकीच्या ग्रुपवर गेलेली फाइल.
- पासवर्डची वही. सगळ्या ग्राहकांचे पासवर्ड एकाच वहीत, आणि वही टेबलावर.
- मदतनीस. मार्चमध्ये काम वाढलं की भाची, पुतण्या मदतीला येतात. काम संपल्यावर त्यांच्या पेनड्राइव्हवर डेटा तसाच राहतो.
- आणि गप्पा. "समोरच्याची विक्री यंदा किती झाली हो?" हा प्रश्न बाहेरचा कुणी विचारत नाही, दुसरा ग्राहकच चहा पिता पिता विचारतो.

शेवटचा मुद्दा ताईंनीच सांगितला आणि मला तो फार महत्त्वाचा वाटला. त्या म्हणाल्या, "बाई, नाही म्हटलं तर शेठ नाराज होतात. सांगितलं तर पाप लागतं." करार असला की सरळ सांगता येतं, "शेठ, माझी सही आहे. तुमचंही मी असंच कुणाला सांगत नाही."

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही. मला समजलं तेवढंच सांगते.

1. भारतीय करार कायदा 1872. दोन सज्ञान व्यक्तींनी मोकळ्या मनाने, कायदेशीर कामासाठी आणि काही मोबदल्यासाठी केलेला करार बंधनकारक असतो. तोंडी करारही चालतो, पण सिद्ध करणं कठीण जातं. करार मोडून नुकसान झालं तर कलम 73 प्रमाणे भरपाई मागता येते.

2. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 72 अ. कराराने सेवा देताना हाती आलेली कुणाची वैयक्तिक माहिती, नुकसान किंवा गैरफायदा व्हावा या हेतूने किंवा तसं होईल हे माहीत असून, संमतीशिवाय किंवा करार मोडून उघड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे चुकून गेलेली रद्दी यात बसवणं अवघड, पण मुद्दाम विकलेली ग्राहकांची यादी बसू शकते.

3. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023. यात दुकानदार हा माहितीचा मुख्य जबाबदार, आणि त्याच्या वतीने ती हाताळणारी हिशेबनीस ही त्याची प्रक्रियाकार. असं काम वैध करार करूनच दुसऱ्याकडे द्यावं, असं कायदा सांगतो, आणि हिशेबनिसाच्या हातून चूक झाली तरी दुकानदाराची जबाबदारी सुटत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सवय आत्ताच लावलेली बरी.

करारात काय काय लिहावं?

आम्ही ताईंसाठी जी कलमं लिहिली ती खाली देते. प्रत्येकाखाली कारण दिलं आहे.

1. कोणती माहिती? "खरेदी-विक्रीची बिले, येणे-देणे याद्या, बँक स्टेटमेंट, कामगारांचे पगार, पॅन, आधार, पासवर्ड, ओटीपी आणि जीएसटी व आयकर विवरणपत्रे ही गोपनीय माहिती आहे."
नुसतं "सर्व माहिती गोपनीय" लिहिलं तर उद्या वाद होतो. दुकानाचा जीएसटी नंबर घातला की दुकानाचं नाव आणि नोंदणीची तारीख पोर्टलवर कुणालाही दिसते. ते गुपित नाही. जे आधीच उघड आहे ते यातून वगळलं आहे, असं एक वाक्य जरूर घालावं.

2. वापर कशासाठी? "ही माहिती फक्त हिशेब लिहिणे आणि विवरणपत्रे भरणे यासाठीच वापरली जाईल."
ग्राहकांचे मोबाईल नंबर घेऊन विम्याचे किंवा कर्जाचे फोन करणं यात बसत नाही.

3. कोण पाहू शकेल? "हिशेबनीस आणि तिने लेखी कळवलेला एक मदतनीस यांच्याखेरीज कोणीही ही माहिती हाताळणार नाही. मदतनिसाच्या चुकीची जबाबदारी हिशेबनिसाची राहील."
मदतनीस 18 वर्षांखालचा असेल तर त्याच्या सहीला करार म्हणून अर्थ नाही. अशा मुलाच्या हाती हे काम देऊच नये.

4. सांभाळायचं कसं? "चुकलेल्या प्रिंट बारीक फाडून नष्ट केल्या जातील, रद्दीत दिल्या जाणार नाहीत. संगणकाला व टॅलीतील डेटाला पासवर्ड राहील. बिले फक्त ठरलेल्या नंबरवर पाठवली जातील."
टॅलीमध्ये टॅलीव्हॉल्ट नावाची सोय आहे, तिने कंपनीचा डेटा पासवर्डखाली बंद होतो. पण तो पासवर्ड विसरला तर डेटा उघडत नाही, म्हणून तो लिहून सुरक्षित जागी ठेवावा.

5. पासवर्ड आणि ओटीपी. "ओटीपी फक्त त्या वेळच्या कामासाठी मागितला जाईल. काम थांबल्यावर ग्राहक त्याच दिवशी पासवर्ड बदलेल."
हिशेब लिहिणारी व्यक्ती नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर असेल तर पोर्टलवरून तिला अधिकृतपणे नेमता येतं आणि काढताही येतं. तेव्हा आपला पासवर्ड देण्याची गरजच पडत नाही.

6. ग्राहकाची जबाबदारी. "ग्राहक हिशेबनिसाकडे तिच्या इतर कोणत्याही ग्राहकाची माहिती मागणार नाही."
हे कलम ताईंच्या आग्रहाने घातलं. सही करताना दुकानदार हसले आणि म्हणाले, "हे माझ्यासाठीच आहे वाटतं!"

7. कायद्याने मागितलं तर? "न्यायालयाने किंवा सरकारी अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे लेखी मागणी केल्यास माहिती देणे हा करारभंग नाही. शक्य असल्यास ग्राहकाला आधी कळवले जाईल."
वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवण्याचं जे विशेष संरक्षण कायद्याने दिलं आहे, ते हिशेब लिहिणाऱ्याला नाही. समन्स आलं तर करार दाखवून गप्प बसता येत नाही.

8. चूक झाली तर? "माहिती हरवली, चोरीला गेली किंवा चुकीच्या व्यक्तीला गेली तर 24 तासांत कळवले जाईल."
आमच्या प्रकरणात दुकानदाराचा खरा राग हाच होता, की त्यांना हे ताईंकडून कळलं नाही, गिऱ्हाइकाकडून कळलं.

9. काम संपल्यावर. "15 दिवसांत सर्व कागद व डेटा परत दिला जाईल आणि हिशेबनिसाकडील प्रती नष्ट केल्या जातील. परत दिल्याची यादी दोघांच्या सहीने होईल."
परत देताना लक्षात ठेवा, जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. ती जपण्याची जबाबदारी दुकानदाराची. त्यामुळे आधी परत देणं, मग नष्ट करणं, हा क्रम चुकवू नये.

10. किती काळ? "काम संपल्यानंतरही पाच वर्षे ही माहिती गोपनीय राहील. पॅन, आधार आणि बँक खात्याची माहिती कायम गोपनीय राहील."

खाली तारीख, ठिकाण, दोघांच्या सह्या, प्रत्येक पानावर छोटी सही, आणि एकेक प्रत दोघांकडे. साक्षीदार सक्तीचे नाहीत, पण दोन असले तर बरं. महाराष्ट्रात अशा साध्या करारासाठी ऑक्टोबर 2024 पासून 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. पैसे वाचवायला साध्या कागदावर करार केला तर वेळ आल्यावर तो न्यायालयात पुरावा म्हणून दाखवताना अडचण येते.

काय लिहू नये?

इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यांत तीन गोष्टी हमखास असतात. त्या तपासून घ्या.

पहिली : "काम सोडल्यावर तीन वर्षे या तालुक्यात हिशेबाचे काम करणार नाही." करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे, कुणाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. गुपित राखायला सांगता येतं, पोटावर पाय देता येत नाही.

दुसरी : "करार मोडल्यास दहा लाख रुपये दंड." कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. लिहिलेली रक्कम ही त्याची वरची मर्यादा. महिन्याला हजार-दीड हजार घेणाऱ्या ताईला दहा लाखांची भीती घालून माहिती सुरक्षित होत नाही. उलट चूक झाली की ती लपवावीशी वाटते.

तिसरी : "दोन नंबरचे व्यवहार कुणालाही सांगणार नाही." असं उघड कुणी लिहीत नाही, पण मनात असतं. बेकायदेशीर गोष्ट झाकण्यासाठी केलेला करार कायद्यात टिकत नाही. हिशेब लिहिणाऱ्यांनी हे पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगावं.

आणि आपण शिक्षक?

जून-जुलै आला की एखाद्या शाळेतले सगळे फॉर्म 16 एकाच पिशवीतून एकाच माणसाकडे जातात. सोबत पॅन, आधार, बँक पासबुक आणि पासवर्डची चिठ्ठी. आयकर पोर्टलवरून उतरवलेल्या एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड आपला पॅन आणि जन्मतारीख मिळून बनतो, आणि दोन्ही त्या माणसाकडे असतात. त्या कागदात बँकेचं व्याज, शेअर आणि म्युच्युअल फंडाचे व्यवहार असं बरंच काही असतं. यंदा देताना निदान दोन प्रश्न विचारा : काम झाल्यावर माझे कागद कुठे जातात? आणि माझा पासवर्ड आणखी कुणाकडे असतो? आधारची प्रत द्यायचीच असेल तर जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

दुसरी बाजूही पाहायला हवी. आपल्या कपाटात मुलांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेल्या पासबुकाच्या झेरॉक्स, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले असतात. त्यांच्या चुकलेल्या झेरॉक्सचं आपण काय करतो? त्या दिवशी ताईंना दोष देण्याआधी मी माझं कपाट उघडलं. सगळ्यात खाली, "पाठकोरे" म्हणून बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात, पाच मुलांच्या पासबुकाच्या झेरॉक्स निघाल्या. त्या मी फाडल्या, आणि मगच ताईंशी करार लिहायला बसले.

ताईंचं काम सुटलं नाही. त्याच दुकानदाराने आपल्या भावाचं दुकानही त्यांच्याकडे दिलं, त्याच कागदावर सही करून. दुकानदार स्वतः त्या मुलाच्या वडिलांना भेटून आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

आमच्या वर्गात पाठकोऱ्या कागदांचं खोकं अजून आहे. त्यावर मुलांनीच पाटी लावली आहे : "मागे कुणाचं नाव किंवा आकडे असतील तर बाईंकडे द्या." परवा एकाने खरंच एक कागद आणून दिला. घडी घालून, उलटा धरून. "मी वाचला नाही बाई," म्हणाला.